‘सर, पान पिवळं पडलंय!’

रात्रीचे साडेदहा. अंबरनाथच्या एका काकांच्या फोनवर व्हॉट्सॲप मेसेज येतो. मोगऱ्याच्या पानाचा फोटो, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला, कोपऱ्यात स्वतःचंच बोट आलेलं. खाली एकच ओळ : ‘सर, पान पिवळं पडलंय, काय करू?’

काका निवृत्त आहेत. बरीच वर्षं सोसायटीच्या गच्चीवर भाज्या आणि फुलं लावतात. ज्याला शिकायचंय त्याला रविवारी सकाळी शिकवतात, तेही फुकट. लॉकडाउनमध्ये गच्ची बंद झाली म्हणून त्यांनी ग्रुप काढला. गच्ची पुन्हा सुरू झाली, पण ग्रुप काही बंद झाला नाही. तो मेसेज मला दाखवून ते म्हणाले, आता तूच सांग, मी काय उत्तर देऊ? पाणी जास्त झालं तरी पान पिवळं पडतं, कमी पडलं तरी पिवळंच पडतं. नत्र कमी असेल तरी तेच. लाल कोळी असेल तर पान उलटं करून बघावं लागतं, आणि फोटो कायम वरच्या बाजूचा येतो. शिवाय ते खालचं, जुनं पान असेल तर पिवळं होऊन गळणारच. झाडाला काहीही झालेलं नसतं.

म्हणजे एका फोटोची पाच उत्तरं. त्यातली दोन तर एकमेकांच्या अगदी उलट : पाणी वाढव आणि पाणी बंद कर.

हा विषय माझ्याकडे आला तो ‘ऑनलाइन की ऑफलाइन’ अशा मथळ्यासह. तो वाचून मला झोपच आली होती. आपली बॅच या वादावर निबंध लिहून लिहून दमलीये. अकरावी-बारावी मोबाइलवर काढलेल्या माणसाला पुन्हा तेच काय विचारायचं? पण यात शिकणारे स्वयंसेवक आहेत, एनएसएसवाले, सोसायटीतले, ‘चला, झाडं लावू’वाले. आणि शिकायचंय ते बागकाम, जिथे चुकलं तर मार्क जात नाहीत, झाड जातं. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये जे असं शिकवतात त्यांच्यातल्या चौघांशी बोलले. कुणाचंही नाव इथे देत नाहीये. दोघांनी तशी विनंती केली, आणि मग उरलेल्या दोघांचीच नावं देणं विचित्र दिसलं असतं.

आधी माझी कबुली.

फर्स्ट इयरला, 2021 च्या पावसाळ्यात, आमच्या युनिटचं वृक्षारोपणाचं ट्रेनिंग गुगल मीटवर झालं. शंभरावर मुलं जॉइन होती. त्यातल्या किती जणांचा कॅमेरा ऑन होता हे तुम्हाला सांगायला नको. पीपीटी उत्तम होती. सोनेरी बॉर्डरचं ई-सर्टिफिकेट आलं, मी ते लगेच लिंक्डइनवर टाकलं. पुढच्या जुलैमध्ये बदलापूरला एका टेकाडाच्या उतारावर आम्ही 50 रोपं लावली. जांभूळ, करंज, बहावा, तामण. रिल्स झाल्या, वडापाव झाले. पुढच्या जूनमध्ये आम्ही तिघी-चौघी सहज बघायला गेलो, तर 11 जिवंत होती.

वाळलेलं एक रोप उपटून पाहिलं. मुळांभोवती काळी प्लास्टिकची पिशवी तशीच! दुसऱ्यालाही तेच. आम्ही पिशवीसकट लावली होती. सगळी नाही, पण बरीच.

आता गंमत ऐका. पिशवी काढून लावा, हे आम्हाला शिकवलं होतं. स्लाइडवर होतं, माझ्या वहीतसुद्धा आहे. मग का नाही काढली? कारण पहिल्या दोन-चार रोपांची पिशवी ओढली आणि मातीची हुंडीच फुटली. मुळं उघडी पडली. घाबरून कुणीतरी म्हणालं, असूदे, पिशवी राहूदे, खालून थोडी फाडू. ब्लेडने पिशवीला उभा छेद द्यायचा, हुंडी तळहातावर धरायची, खड्ड्यात ठेवायची आणि मग पिशवी बाजूने सोडवायची. हे करायला अर्धं मिनिट लागतं. कुणीतरी एकदा समोर करून दाखवलं असतं, तर प्रश्नच नव्हता. माहिती आमच्याकडे होती, पण हातांना ती पोहोचलीच नव्हती.

हे मी गच्चीवाल्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या मते बागकामात शिकवण्यासारख्या गोष्टी जेमतेम दहा-बारा आहेत आणि त्यातल्या निम्म्या सांगता येत नाहीत. मातीत बोट दोन पेरं घालून ओल बघायची, ही त्यातली पहिली. कुंडी उचलून वजनावरून पाणी ओळखायचं, ही दुसरी. खत कुजून तयार झालं की पावसाळ्यातल्या जंगलासारखा वास येतो, कच्चं असेल तर आंबट घाण येते. हा वास स्क्रीनवरून कसा पाठवणार? आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला, जो मला फार पटला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. त्याने पाणी घातलंय की नुसतं ‘हो’ म्हणतोय, हे कळतं. ऑनलाइन सगळे ‘हो’च म्हणतात.

इथवर ऐकून मी निकाल लावून टाकला होता. प्रत्यक्षच भारी, ऑनलाइन म्हणजे टाइमपास. लेखाचा शेवटसुद्धा मनात तयार होता.

मग बदलापूरच्या एका ताईंशी बोलले. कृषी पदवीधर आहेत, ऑनलाइन बॅचेस घेतात, पर्यावरणवाल्या गटांसाठी बिनपैशाच्या. मी काकांचे सगळे मुद्दे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, रविवारी सकाळी नऊ वाजता मोकळं कोण असतं?

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या बॅचमध्ये एक सिस्टर आहेत, रात्रपाळीवाल्या. एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या घराबाहेर पडूच शकत नाहीत. बागकाम त्या खिडकीतल्या तीन कुंड्यांत करतात. एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, आणि ज्या इमारतीच्या गच्चीवर वर्ग भरतात तिला लिफ्ट नाही. एरवी न बोलणाऱ्या मुली चॅटमध्ये भराभर प्रश्न टाकतात. ताईंचं म्हणणं असं की, प्रत्यक्षच शिकवलं पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांकडे बहुतेक वेळा सुट्टीचा दिवस असतो आणि घरातलं काम करणारं दुसरं कुणीतरी असतं. जरा लागलं मला ते, कारण आमच्या घरी रविवारी नाश्ता आई करते.

शिवाय, त्या म्हणाल्या, काही गोष्टी स्क्रीनवरच जास्त चांगल्या दिसतात. कलम बांधताना तीस जण भोवती उभे राहतात, पुढच्या पाच जणांना दिसतं, बाकीचे एकमेकांच्या पाठी बघतात. व्हिडिओत तोच काप क्लोजअपमध्ये दिसतो, थांबवता येतो, दहा वेळा बघता येतो. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांचे फोटो मोठे करून दाखवले की पोरं नंतर घरी स्वतः ओळखतात.

आपल्या भागातल्या मुलांना हा मुद्दा वेगळा सांगायची गरज नाही. बदलापूरहून सीएसएमटी 68 किलोमीटर आहे. जे काही चांगलं शिकायला मिळतं ते मुंबईत : भायखळा, माहीम, फोर्ट. 2002 च्या सुमारास प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. त्यातून पुढे ‘अर्बन लीव्हज’ उभी राहिली आणि शेकडो हौशी माणसं स्वयंसेवक म्हणून माती कालवायला लागली. हे सगळं प्रत्यक्ष, हाताने झालं. वाचून मला तिथे जावंसं वाटलं. मग जायला दीड तास, यायला दीड तास आणि दोन्ही वेळची गर्दी डोळ्यांसमोर आली. ‘प्रत्यक्ष या’ म्हणणं दादरवाल्याला सोपं आहे.

पण ऑनलाइनचाही एक घोळ आहे, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे हवामान. यूट्यूबवर बागकाम शिकवणारे बरेच जण दिल्ली, लखनौ, बेंगळुरूकडचे. ते सांगतात तसा भरपूर कोकोपीट घातलेला मिक्स तुम्ही कुंडीत भरता. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीच कुंडी महिनोन्‌महिने ओल्या स्पंजसारखी राहते आणि मुळं सडतात. वर एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दोन्ही टोकं एकाच गावात! उल्हासनगरला तर जमीनच नाही. 2011 च्या जनगणनेत 5 लाखांवर माणसं, कॅम्पमधल्या चिकटून उभ्या इमारती. तिथे बाग म्हणजे ग्रिलमधल्या चार कुंड्या, त्याही उन्हाच्या दिशेला असतील तर नशीब. तिथल्या मुलाला ‘सहा तास ऊन’ सांगून काय उपयोग? त्याला पुदिना, अळू, विड्याचा वेल सांगायला हवा, आणि ते त्याची खिडकी पाहिलेला माणूसच सांगू शकतो.

वांगणीच्या बाजूला रोपवाटिका चालवणाऱ्या मावशींकडे मी तिसरी गेले. त्या काकांवरही हसल्या आणि ताईंवरही. त्यांचा अनुभव असा की, शिकायला येणाऱ्यांना शिकवणीच हवी असते, काम नको असतं. मे महिन्यात हजारो पिशव्या भरायच्या असतात, तेव्हा या म्हटलं की कुणी येत नाही. जुलैत बॅनर घेऊन येतात. त्या आठवडाभरात दोनशे पिशव्या भरणाऱ्या मुलीला त्यांच्या मते वेगळं ट्रेनिंग लागणारच नाही, कारण तोवर हुंडी म्हणजे काय हे तिच्या हातांना कळलेलं असतं. मी ‘ऑनलाइन’ हा शब्द दोनदा उच्चारला. दोन्ही वेळा त्यांनी मला फक्त चहा दिला.

चौथे आमच्यासारख्याच एका कॉलेजचे एनएसएसचे सर, उल्हासनगरचे. त्यांनी सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलं. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास भरायचे असतात. मीटवर दोन तासांचं सेशन ठेवलं की शंभर मुलांचे दोन-दोन तास एका झटक्यात भरतात, हजेरी आपोआप निघते, स्क्रीनशॉट रिपोर्टला लागतो. तेच शंभर जणांना खुरपं देऊन एखाद्या मैदानावर न्यायचं तर परवानगी हवी, बस हवी, पाणी हवं, कुणाला साप दिसला तर जबाबदारी सरांची. आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिटही आलेत, म्हणजे नोंदींचं ओझं आणखी वाढलं. ते म्हणाले, मी ऑनलाइन निवडतो ते शिकवायला सोपं म्हणून नाही, दाखवायला सोपं म्हणून. यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते.

चौघांचं ऐकून झाल्यावर मला श्री. अ. दाभोलकरांची गोष्ट सापडली आणि माझा तयार शेवट कोलमडला. कोल्हापूरचे दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. 1960 च्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. ठिकठिकाणचे शेतकरी आणि हौशी मंडळी आपापल्या जमिनीवर छोटे प्रयोग करायची आणि काय घडलं ते एकमेकांना कळवायची. पत्राने! सांगली-तासगावच्या द्राक्षबागांशी या परिवाराचं नाव जोडलं गेलंय. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक आजही गच्चीवर बाग करणारे वाचतात. आता सांगा, पोस्टकार्डापेक्षा जास्त ‘रिमोट’ काय असेल? त्यात ना व्हिडिओ, ना फोटो, आणि उत्तर यायलाही कितीतरी दिवस.

तरी ते चाललं. का? माझं उत्तर असं : पत्र लिहिणाऱ्याला आधी स्वतः काहीतरी करून बघावं लागायचं. इतक्या ओळी लावल्या, इतकं पाणी दिलं, हे असं झालं. लिहिताना त्याचं अर्धं निरीक्षण तिथेच पक्कं व्हायचं. आणि पलीकडे ते वाचून उत्तर देणारा माणूस होता. आमच्या गुगल मीटमध्ये शंभर जण होते आणि विचारणारं कुणीच नव्हतं. अंतर त्या दोघांतही होतं, आमच्यातही होतं. त्यांच्याकडे उलट टपाल होतं, आमच्याकडे म्यूट बटन.

दुसरा फरक मोठा आहे, तो आपल्याला नाकारता येणार नाही. शेतकऱ्याला दुरून शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ होतं. 2004 पासून किसान कॉल सेंटर आहे, 1800-180-1551 वर फोन लावून शेतकरी आपल्या भाषेत विचारू शकतो. पण फोन करणाऱ्या त्या शेतकऱ्याचे हात लहानपणापासून मातीत तयार झालेले असतात. त्याला हवी असते एक नेमकी माहिती. कोणतं वाण, कोणती फवारणी, कधी. ती फोनवर मिळते. तुमचं-माझं उलट आहे. आपल्याकडे माहिती बक्कळ, हात कोरे. जे शेतकऱ्याला चाललं ते आपल्याला जसंच्या तसं चालेल, हे मानणं चूक आहे.

अमेरिकेत ‘मास्टर गार्डनर’ नावाची एक पद्धत आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात शहरी लोक झाडांबद्दल इतके प्रश्न विचारायला लागले की विद्यापीठाच्या कृषी विस्तारवाल्यांना उत्तरं देणं झेपेना. मग त्यांनी स्वयंसेवक तयार केले. आम्ही तुम्हाला शिकवतो, बदल्यात तुम्ही ठराविक तास लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. आज तिथल्या अनेक विद्यापीठांत हे शिक्षण ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीने चालतं. पण मला आवडलं ते वेगळंच. सेशनला बसलात म्हणून तिथे काम संपत नाही, सेशननंतर सुरू होतं. सर्टिफिकेट कशाचं द्यायचं, हे त्यांनी आधी ठरवलं.

आपण उलटं करतो. झाड लावतानाचा फोटो अपलोड करा, प्रमाणपत्र डाउनलोड करा. महाराष्ट्रात 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. त्या आधीच्या वर्षी 13 कोटी, त्याही आधी 4 कोटी. आकडे लावलेल्या झाडांचे होते. आमच्या 50 रोपांचाही आकडा 50 असाच रिपोर्टला गेला. 11 हा आकडा कुठल्याच फाइलमध्ये नाही, तो आज पहिल्यांदा छापला जातोय.

तर माझं मत. एनएसएसच्या किंवा कुठल्याही स्वयंसेवकांच्या बागकाम ट्रेनिंगचे पहिले दोन तास समोरासमोर व्हायलाच हवेत, आणि ते मुंबईत नाही, चालत जाता येईल अशा गच्चीवर, शाळेच्या मागच्या अंगणात, रोपवाटिकेत. एका वेळी दहा-बारा जण, शंभर नाहीत. प्रत्येकाने एक रोप पिशवीतून काढायचं, एक आळं करायचं, ओल्या आणि कोरड्या मातीत बोट घालून बघायचं. जे येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे एक जण घरी जाईल. दहा जणांच्या गटाला हे अवघड नाही. त्यानंतर खुशाल ऑनलाइन. कीड ओळखणं, कलम, खताची प्रमाणं, हे सगळं व्हिडिओवर मस्त होतं.

आणि सर्टिफिकेट, क्रेडिट, जे काय असेल ते जुलैत द्यायचं नाही. पुढच्या 31 मे रोजी द्यायचं, झाड जिवंत दाखवल्यावर. मेलं असेल तर का मेलं हे एक पान लिहून दिल्यावर. सरांना मी हे सुचवलं तेव्हा ते म्हणाले, मे महिन्यात परीक्षा आणि निकाल असतात, मुलं गावी जातात. बरोबर आहे. पण झाडाला पाणी नेमकं तेव्हाच लागतं, त्याला परीक्षेचं टाइमटेबल कोण सांगणार?

एक गोष्ट ऑनलाइन आणि ऑफलाइन दोन्हीवाले आपल्यापासून लपवतात, सभ्यपणामुळे. काकांचा गच्चीवरचा वर्ग अकराला संपायचा. ग्रुप संपत नाही. साडेदहाला मोगरा, सकाळी सहाला मिरचीची पानं वळलेली, दुपारी कुणाचातरी ‘गुड मॉर्निंग’. ताईंनी मला त्यांचे न वाचलेले मेसेज दाखवले नाहीत, फक्त फोन उलटा ठेवला. समोर शिकवलं तर प्रवास आपण करतो. दुरून शिकवलं तर तो वेळ शिकवणाऱ्याच्या संध्याकाळीतून जातो, आणि ही माणसं पगारी नाहीत. तेव्हा निदान फोटो तरी नीट पाठवा. दिवसा, पानाच्या दोन्ही बाजू, आख्खं झाड, कुंडीची माती, आणि शेवटचं पाणी कधी घातलं ते. मोगरेवाल्या मुलाला काकांनी एवढंच लिहून पाठवलं होतं. पाणी कधी घातलं होतं त्याचं उत्तर आलं, ‘सर, रोज दोन वेळा, प्रेमाने.’

आमच्या 11 रोपांपैकी चार जांभळं आहेत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गावात त्यांचा भाव वधारलाय, म्हणून मी उगाच त्यांच्याकडे जास्त लक्ष देते. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकाचं पान पिवळं दिसलं. फोटो काढला, काकांचा नंबर उघडला, मग फोन खिशात ठेवला आणि उकिडवी बसून आळ्यात बोट घातलं. वरचा थर कोरडा होता, दुसऱ्या पेराला गार लागलं. ओल होती. पान उलटं केलं, कोळी नव्हता. सगळ्यात खालचं, जुनंच पान होतं.